पदवीच्या पाठीवरचं स्टिकर नेमकं काय सांगतं?

परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल स्टिकर लागलेली पदवी हातात आली की बहुतेकांना वाटतं, आता भारत सरकारनेच आपल्या शिक्षणावर शिक्कामोर्तब केलं. तसं काही झालेलं नसतं. त्या स्टिकरवर दहा रकाने असतात. देश कोणता, सही कोणाची, सही करणाऱ्याचा हुद्दा काय, शिक्का कोणाचा, हे पहिले चार. मग ठिकाण, तारीख, दाखला देणारं कार्यालय, क्रमांक आणि शेवटी त्या कार्यालयाचा शिक्का व सही. ‘ही व्यक्ती उत्तीर्ण झाली’ असं त्यात कुठेही नसतं. विद्यापीठ चांगलं आहे किंवा अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे, असंही नसतं. अमक्या हुद्द्यावरच्या अमक्या माणसाची या कागदावरची सही आणि शिक्का खरा आहे, इतकीच ग्वाही. कागदातल्या मजकुराची जबाबदारी आपली नाही, हे मंत्रालय स्वतःच सांगतं.

मग परदेशात ते मागतात कशाला? कारण पदवी सीमेपलीकडे गेली की तिच्याबद्दल तीन वेगवेगळे प्रश्न विचारले जातात. कागदावरची सही खरी आहे का? हा माणूस खरोखर शिकला, अशी नोंद विद्यापीठाच्या दप्तरात आहे का? आणि आमच्या देशात ही पदवी कशाच्या तोडीची धरायची? या तिन्हींची उत्तरं वेगवेगळी कार्यालयं देतात, पैसेही वेगवेगळे घेतात, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला चालत नाही. माझ्या मते लोकांचे पैसे आणि महिने सगळ्यात जास्त वाया जातात ते इथे. कॅनडात स्थायिक व्हायला निघालेला अपॉस्टिल करून बसतो आणि दुबईला निघालेला ट्रान्सक्रिप्टची, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या सगळ्या वर्षांच्या गुणांच्या उताऱ्याची, पाकिटं जमवत राहतो. दोघांनीही मेहनत घेतलेली असते, फक्त न विचारलेल्या प्रश्नासाठी.

आधी सहीचा प्रश्न घेऊ. पूर्वी याचं उत्तर वकिलाती द्यायच्या. ज्या देशात जायचं त्या देशाच्या वकिलातीत कागद न्यायचा, त्यांनी शिक्का मारायचा, तिथे पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याने वकिलातीचा शिक्का तपासायचा. ही कटकट कमी करायला ५ ऑक्टोबर १९६१ रोजी नेदरलँड्समधल्या हेग इथे एक करार झाला. कागद ज्या देशात निघाला त्या देशाच्या नेमलेल्या कार्यालयाने ठरावीक नमुन्यातला दाखला, म्हणजेच अपॉस्टिल, जोडायचा आणि करारातल्या बाकी देशांनी तो तसाच मानायचा, वकिलातीकडे फिरकायचं कारण नाही. नमुना इतका ठरावीक, की चौकोनाची बाजू किमान ९ सेंटिमीटर हवी आणि मथळा फ्रेंचमध्येच हवा. वर्ध्याच्या मुलीच्या नर्सिंगच्या पदवीमागे फ्रेंच ओळ दिसते ती यामुळे. भारतासाठी हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला.

आता परराष्ट्र मंत्रालयातल्या अधिकाऱ्याला गणेशखिंडीतल्या पुणे विद्यापीठाच्या परीक्षा नियंत्रकांची सही ओळखू येते का? येत नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. देशात शेकडो विद्यापीठं, तिथले अधिकारी दर काही वर्षांनी बदलणारे. म्हणून मध्ये राज्य सरकार उभं असतं. आधी विद्यापीठ आपल्या दप्तरातून पदवी तपासून देतं. मग महाराष्ट्रात कागद मुंबईतल्या मंत्रालयात जातो आणि त्यासाठी नेमलेले अधिकारी त्यावर सही करतात. या मोजक्या अधिकाऱ्यांच्या सह्यांचे नमुने परराष्ट्र मंत्रालयाकडे असतात. नमुना जुळला की अपॉस्टिल. गावात नव्या माणसाला उधार देताना दुकानदार ‘कोणाकडचे तुम्ही?’ विचारतो आणि ओळखीच्या माणसाच्या शब्दावर वही उघडतो, तसाच हा व्यवहार आहे. म्हणून स्टिकरवर सही करणाऱ्याचं नाव म्हणून कुलगुरूंऐवजी मुंबईतल्या मंत्रालयातल्या एखाद्या अधिकाऱ्याचं नाव दिसलं तर दचकू नका. साखळीत शेवटची ओळखीची सही त्यांचीच असते.

राज्याच्या या टप्प्याला एजंटांच्या भाषेत ‘एचआरडी’ म्हणतात. मनुष्यबळ विकास हे नाव केंद्राने २०२० मध्ये बदलून शिक्षण मंत्रालय केलं, एजंटांनी अजून केलेलं नाही. दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रांची पडताळणी विद्यापीठाकडे होत नाही. ती राज्य मंडळाच्या विभागीय मंडळाकडून करून घ्यावी लागते, म्हणजे साताऱ्यात शिकलेल्याला कोल्हापूरचं विभागीय मंडळ, जळगावात शिकलेल्याला नाशिकचं.

इथे एक पळवाट आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. राज्याच्या रांगेत वेळ जातो म्हणून कागद आधी नोटरीकडे, मग दिल्लीतल्या उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे, तिथून परराष्ट्र मंत्रालयाकडे नेता येतो. हे बेकायदा नाही, आणि अनेक ठिकाणी चालतंही. पण साखळीत आता विद्यापीठ कुठेच नाही. अपॉस्टिल ज्या सहीची ग्वाही देतं ती दंडाधिकाऱ्याची, आणि दंडाधिकाऱ्याने विश्वास ठेवला तो नोटरीवर. मूळ पदवीऐवजी झेरॉक्सची नोटरी केली असेल तर आणखी पातळ. समोरचं कार्यालय चोखंदळ असेल तर ते दुसऱ्या रकान्यातलं नाव वाचतं आणि ‘राज्य शिक्षण विभागाची साक्षांकित प्रत आणा’ म्हणून कागद परत पाठवतं. एजंटने ‘आठवड्यात करून देतो’ म्हटलं की कोणत्या रस्त्याने, हे विचारून घ्या. त्याला उत्तर माहीत असतं, तो आपणहून सांगत नाही इतकंच.

आणखी एक अगदी आपल्याकडची अडचण म्हणजे लॅमिनेशन. पदवी मिळाली की घरच्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन तिला प्लास्टिकमध्ये कायमचं बंद केलं. त्यावर शिक्का बसत नाही, सही उमटत नाही. प्लास्टिक काढताना कागदाचा वरचा थर शाईसकट निघून येतो. अशा वेळी घरी इस्त्रीचे प्रयोग करण्यापेक्षा विद्यापीठाकडे दुय्यम प्रतीचा अर्ज केलेला बरा.

परराष्ट्र मंत्रालय २०१२ पासून लोकांकडून थेट कागद घेत नाही, नेमलेल्या खासगी संस्थांमार्फत घेतं. २०१९ पासून हे काम एकट्या दिल्लीत न ठेवता १५ शहरांत वाटलं आहे. त्यात मुंबई आणि पणजी दोन्ही आहेत. अपॉस्टिलचं सरकारी शुल्क एका कागदाला ५० रुपये, वर त्या संस्थेचं सेवाशुल्क. एजंटच्या हजारोंच्या बिलात सरकारी फी किती, हे यावरून ताडता येईल. बाकीचे पैसे तो रांगेत उभं राहण्याचे घेतो. नागपूर किंवा लातूरहून मुंबईला फेऱ्या मारायच्या असतील तर ते पैसे वाजवीही असू शकतात, पण आपण कशाचे देतोय ते माहीत असावं. ई-सनद नावाची ऑनलाइन सोयही आहे. ज्या संस्थांनी आपल्या नोंदी तिला जोडल्या आहेत त्यांच्या विद्यार्थ्यांचे कागद त्यातून पडताळता येतात.

अपॉस्टिल कुठे चालतं? करारातल्या देशांत. आखातात इथेच घोळ होतो. ओमान, बहारीन आणि ७ डिसेंबर २०२२ पासून सौदी अरेबिया करारात आहेत. संयुक्त अरब अमिराती, कुवेत आणि कतार हे देश मी लिहीत असताना करारात नाहीत. म्हणजे मस्कतला निघालेल्याला अपॉस्टिल पुरतं, पण दुबईला निघालेल्याला परराष्ट्र मंत्रालयाच्या साध्या साक्षांकनानंतर अमिरातीच्या वकिलातीचा शिक्का आणि तिकडे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाची मोहोर असं जुन्या पद्धतीनेच जावं लागतं. काकांनी पंधरा वर्षांपूर्वी रियाधला जाताना जे केलं तेच आज करावं लागेल असं धरून चालू नका. कॅनडाही ११ जानेवारी २०२४ पासून करारात आला आहे, पण त्याने कॅनडाला जाणाऱ्यांचं काम फारसं हलकं झालेलं नाही, कारण त्यांचा प्रश्न वेगळाच असतो. तो पुढे येतो.

जर्मनीचं आणखी निराळं. करारात नवा देश येताना जुन्या सभासदाला आक्षेप घेता येतो, आणि त्या दोन देशांपुरता करार लागू होत नाही. भारत आला तेव्हा जर्मनीने तसा आक्षेप घेतला. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी स्वतःची चाळणी उभी केली आहे. दिल्लीतलं एपीएस हे कार्यालय भारतीय विद्यार्थ्यांची कागदपत्रं तपासून दाखला देतं, आणि १ नोव्हेंबर २०२२ पासून शिक्षणासाठीच्या व्हिसाला तो लागतो. पुण्यातून जर्मनीला जाणाऱ्या मुलांची संख्या पाहता तिथल्या प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर हे लिहिलेलं असायला हवं. पुष्कळांना ते प्रवेश मिळाल्यावर, विमानाचं तिकीट बघताना कळतं.

आता दुसरा प्रश्न. सही खरी, पण नोंद खरी का? बनावट पदवीवर खरी नोटरी करता येते, म्हणून ज्यांना चूक परवडत नाही ते कागदावर विसंबत नाहीत, थेट मूळ संस्थेला विचारतात. आखातातल्या आरोग्यखात्यांसाठी डेटाफ्लो नावाची कंपनी डॉक्टर आणि परिचारिकांची पदवी, नोंदणी, अनुभव हे सगळं ज्याने दिलं त्यालाच विचारून घेते. अमेरिकेत डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांची पदवी ईसीएफएमजी ही तिथली संस्था त्या वैद्यकीय महाविद्यालयाकडून किंवा विद्यापीठाकडून पडताळते. अमेरिका-कॅनडातल्या मूल्यांकन संस्थांना, म्हणजे परदेशी पदवीची तोड ठरवणाऱ्यांना, ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडूनच हवी असते, उमेदवाराच्या हातची चालत नाही. पाकिटाच्या झाकणावर विद्यापीठाचा शिक्का अर्धा आत अर्धा बाहेर असा मारलेला असतो, तो फुटलेला दिसला की पाकीट बाद. नातेवाइकांनी ‘बघू तरी काय दिलंय’ म्हणून उघडलेली पाकिटं या देशात कमी नसतील.

हा प्रश्न महाराष्ट्रात विशेष गुंतागुंतीचा आहे, कारण आपली विद्यापीठं फुटत आणि नावं बदलत आली. १९८८ साली जळगावच्या महाविद्यालयातून बी.एस्सी. झालेल्याची पदवी पुणे विद्यापीठाची असते. त्याच्या गावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आलं १९९० मध्ये, आणि त्याच्या नावाला कवयित्री बहिणाबाई चौधरी जोडलं गेलं २०१८ मध्ये. त्या माणसाने जळगावच्या विद्यापीठात अर्ज केला तर तिथे त्याची नोंद सापडायची नाही, आणि पुण्याहून जो कागद येईल त्यावर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असं २०१४ नंतरचं नाव असेल, हातातल्या पदवीवर मात्र नुसतं पुणे विद्यापीठ. गडचिरोली-चंद्रपूरच्या मुलांचं गोंडवाना विद्यापीठ २०११ चं, त्याआधीची नोंद नागपुरात. सोलापूरचं विद्यापीठ २००४ चं, त्याआधी शिवाजी विद्यापीठ. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ चं, त्याआधीच्या एमबीबीएसची पदवी मुंबई, पुणे, नागपूर अशा त्या त्या विद्यापीठाची. गोव्यातही तेच. गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये आलं, त्याआधी पणजी-मडगावला शिकलेल्यांच्या पदवीवर मुंबई विद्यापीठाचं नाव आहे. स्वायत्त महाविद्यालयांत तर गुणपत्रिका महाविद्यालयाची आणि पदवी विद्यापीठाची असते, म्हणून दोन्हीकडे विचारणा होते.

परदेशातल्या मूल्यांकन संस्थेच्या टेबलावर बसलेल्या माणसाला बहिणाबाई माहीत नसतात. त्याला दोन कागदांवर दोन संस्थांची नावं दिसतात. म्हणून विद्यापीठाकडून ‘अमुक तारखेपासून विद्यापीठाचं नाव बदललं, संस्था तीच’ असं पत्र आधीच मागून घ्यावं आणि ट्रान्सक्रिप्टबरोबरच पाठवायला सांगावं. नंतर ईमेलवरून हे समजावत बसणं फार जिकिरीचं आहे.

संस्थेच्या नावाचं हे, तर माणसाच्या नावाचं आणखी. गुणपत्रिकेवर आपल्याकडे आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि बरेचदा शेवटी आईचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि वडिलांचं नाव दिलेल्या नावात असेलच असं नाही. संगणकाला ‘कुलकर्णी स्नेहल अशोक’ आणि ‘स्नेहल कुलकर्णी’ या दोन व्यक्ती वाटू शकतात. लग्नानंतर वडिलांच्या जागचं नाव आणि आडनाव असं दोन-तृतीयांश नाव बदललेल्या बायकांची तर परीक्षाच. विवाह नोंदणी प्रमाणपत्र, राजपत्रातली नावबदलाची जाहिरात आणि ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र, यातलं काय चालेल हे समोरच्या देशावर अवलंबून. सगळ्यात कमी वाद विवाह नोंदणी प्रमाणपत्रावर होतो, तेव्हा पदवीबरोबर त्याचंही अपॉस्टिल करून ठेवावं. त्याचा रस्ता मात्र वेगळा. तो शैक्षणिक कागद नसल्यामुळे शिक्षण विभागाकडे जात नाही.

तिसरा प्रश्न तोडीचा, आणि खरी डोकेदुखी तोच. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे स्थायिक होऊ पाहणाऱ्यांना गुणांवर निवडण्याच्या पद्धतीत, परदेशातल्या शिक्षणाचे गुण हवे असतील तर त्यांच्या सरकारने नेमलेल्या संस्थेचा अहवाल लागतो. आपल्याकडे डब्ल्यूईएस हे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, पण ती एकटी नाही. हा अहवाल ५ वर्षं चालतो. अपॉस्टिलला करारात मुदत नाही, पण समोरचं कार्यालय ‘अलीकडचं आणा’ म्हणू शकतं. ब्रिटनमध्ये हे काम एनिक ही संस्था करते. भारत आणि ब्रिटन यांच्यात जुलै २०२२ मध्ये पदव्यांच्या परस्पर मान्यतेचा समझोता झाला तेव्हा बातम्यांच्या मथळ्यांनी मोठी आशा लावली, पण अभियांत्रिकी, वैद्यक, नर्सिंग, औषधनिर्माण, कायदा आणि वास्तुशास्त्र त्यातून बाहेर ठेवलेले आहेत. जर्मनीत अनाबिन नावाची यादी कोणालाही ऑनलाइन पाहता येते. तिथे विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ (म्हणजे मान्यताप्राप्त) असेल आणि पदवी यादीत असेल तर काम सोपं, नसेल तर बॉनच्या झेडएबी या कार्यालयाकडून तुलनेचं पत्र घ्यावं लागतं.

डॉक्टर, परिचारिका, वकील यांना तोडीचा दाखला मिळाला म्हणजे काम करण्याचा परवाना मिळाला असं नाही. तो त्या त्या देशाची परिषद देते, बहुधा परीक्षा घेऊन.

अमेरिकेत नेहमी अडकतं ते तीन वर्षांच्या पदवीवर. तिथली बॅचलर चार वर्षांची. आपली बी.कॉम., बी.एस्सी., बी.ए. तीन वर्षांची. मूल्यांकन करणाऱ्या संस्था यावर एकमताच्या नाहीत. एक तीच पदवी बॅचलरच्या बरोबरीची लिहून देते, दुसरी ‘तीन वर्षांचं पदवीपूर्व शिक्षण’ म्हणते. म्हणून विद्यापीठाने किंवा वकिलाने विशिष्ट संस्थेचं नाव सांगितलं असेल तर स्वस्त मिळते म्हणून दुसरी घेऊ नये. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसासाठी कमी पडलेलं एक वर्ष अनुभवाने भरता येतं. त्या क्षेत्रातल्या तीन वर्षांच्या कामाला महाविद्यालयाचं एक वर्ष, असा तिथला हिशोब आहे. पण तो व्हिसापुरता. एखादं विद्यापीठ एम.एस.ला प्रवेश देताना तो मानायला बांधलेलं नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आता आपल्याकडेही चार वर्षांची ऑनर्स पदवी आली आहे. तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडण्याची मुभा आहे आणि बरीच मुलं ती घेतीलही, कारण इथे नोकरीला किंवा एम.ए.ला त्याने अडत नाही. ज्यांच्या डोक्यात अमेरिका आहे त्यांनी तिसऱ्या वर्षाचा निकाल लागण्याआधीच, मनात असलेल्या दोन-तीन विद्यापीठांच्या प्रवेश विभागाला ईमेल टाकून विचारावं, की आमच्या तीन वर्षांच्या पदवीवर अर्ज घ्याल का. उत्तर लेखी येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. चौथं वर्ष करायचं की नाही, हे त्या उत्तरावर ठरवता येतं.